पट्टा नवा, टेन्शनर जुना

जुन्या मोटारगाडीचा टायमिंग बेल्ट बदलावयाचा, त्यासाठी चांगल्या प्रतीचा नवा पट्टा विकत आणावयाचा, आणि त्या पट्ट्याला ताणून धरणारा टेन्शनर मात्र "फिरतो आहे ना, मग राहू द्या" म्हणून जुनाच ठेवावयाचा, ही आपल्याकडची सर्रास रीत झाली आहे. पट्टा बदलल्याचे समाधान मिळते. टेन्शनरचे पैसे वाचल्याचे समाधान मिळते. मिस्त्रीच्या मजुरीतून शे-दोनशे कापल्याचे तिसरे समाधान मिळते. पुढे काही महिन्यांनी घाटात किंवा महामार्गावर गाडी अचानक बंद पडते, तेव्हा ही तिन्ही समाधाने एकदमच संपतात. मग दोष कोणाचा? तर मिस्त्रीचा! त्याने काम नीट केले नाही!

कामगार संघटनेच्या मुखपत्रात मोटारीच्या एका लहानशा पुलीवर अग्रलेख कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याला आमचे उत्तर दोन भागांत आहे. पहिले असे की, आपल्या सभासदांपैकी पुष्कळांकडे आज जुन्या गाड्या आहेत. कोणी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून जुनी मारुती घेतली, कोणाच्या मुलाने टॅक्सीसाठी जुनी इंडिका घेतली. ही गाडी चैनीची वस्तू नव्हे. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्याची, नाहीतर घर चालविण्याची ती सोय आहे. तिचे इंजिन गेले तर महिन्याचा हिशेब कोलमडतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. ती गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री हाही कामगारच आहे, आणि त्याच्या कामाला आपण काय किंमत देतो यावर आपल्या कामगारपणाची परीक्षा होते.

साखळी गेली, पट्टा आला

आमच्या वडीलधाऱ्या पिढीने ज्या गाड्या पाहिल्या त्या मुख्यतः दोन, अँबेसिडर आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी. या दोन्ही इंजिनांत क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे गती जात असे ती लोखंडी साखळीने. साखळी तेलात चालते, सैल झाली की खडखड वाजते आणि बहुधा मोडण्याआधी बरेच दिवस ओरडून सांगते. त्या आवाजावरून रोग ओळखणारे मिस्त्री देशभर तयार झाले. दिल्लीचे काश्मिरी गेट असो, कोलकात्याचा मल्लिक बाजार असो, चेन्नईचे पुदुपेट असो की आपल्या कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, या जागा ज्या हातांनी नावारूपाला आणल्या ते हात साखळीच्या इंजिनांवर शिकलेले होते.

डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावच्या कारखान्यातून मारुती ८०० बाहेर पडली आणि हे चित्र पालटले. ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे ते इंजिन. त्याचा कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि त्याला फिरविणारा रबरी दातेरी पट्टा. इंजिन हलके झाले, आवाज कमी झाला. १९९८ साली पुढे आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच आला, आणि तेथे तो कॅमशाफ्टबरोबर डिझेलचा पंपही फिरवू लागला. पण रबरी पट्टा साखळीप्रमाणे ओरडत नाही. तो कोरडा चालतो, झाकणाआड चालतो, आणि तुटावयाचा त्या दिवशी काही न सांगता तुटतो. म्हणून पट्ट्याच्या इंजिनात आवाजाची वाट पाहत बसणे चालत नाही. मुदतीवर बदलणे हाच एक उपाय. मुदत गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटरमध्ये आणि वर्षांमध्ये दिलेली असते. त्यातील जी आधी भरेल ती धरावयाची. गाडी दारात उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. तेव्हा आज रस्त्यावर असलेल्या या गाड्यांपैकी बहुतेक एकतर दुसऱ्यातिसऱ्या हातात आहेत किंवा नूतनीकरणावर चालल्या आहेत. किती किलोमीटर झाले, पट्टा केव्हा बदलला, याची नोंद बहुतेकांकडे नाही. नोंद नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरून चालावे.

टेन्शनरचे काम काय?

चार फटक्यांच्या इंजिनात क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. पिस्टन वर येत असताना कोणता व्हॉल्व्ह उघडा, कोणता बंद, हे सारे या हिशेबावर चालते. हा हिशेब पट्ट्याचे दाते राखतात. पट्टा सैल पडला तर दाता दात्यावरून उडी मारतो. एक दाता चुकला तरी गाडीची ओढ जाते, इंजिन अडखळते. जास्त चुकले, किंवा पट्टाच तुटला, तर पुष्कळ इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेल इंजिनात तर पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये जागाच फार थोडी असते. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. मग पट्ट्याचे काम राहत नाही, हेड उतरविण्याचे काम होते.

पट्टा सैल पडू नये म्हणून त्याच्या सैल बाजूवर जी पुली दाबून बसविलेली असते ती टेन्शनर. तिच्या पोटात एक बंद बेअरिंग असते. त्यात कारखान्यातच ग्रीस भरलेले असते आणि ते जन्मभरासाठी असते. वरून ग्रीस भरण्याची सोय नसते. इंजिनाच्या गरमीत वर्षानुवर्षे फिरून ते ग्रीस वाळते. बेअरिंग कोरडे पडले की पुली प्रथम कुईकुई करते, मग डगमगते आणि शेवटी जाम होते. जाम पुलीवरून धावणारा पट्टा, मग तो कालच बसविलेला का असेना, घासून, तापून जातो. म्हणजे नवा पट्टा जुन्या टेन्शनरच्या जिवावर जगतो. पट्टा नवा आणि टेन्शनर जुना ही काटकसर कशी फसते ते यावरून ध्यानात यावे.

आपल्या रेल्वेतील बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आय.सी.एफ. पद्धतीच्या डब्याखाली चाकाच्या आसावरून पट्ट्यांनी फिरणारे जनित्र असते. त्या पट्ट्यांना ताण देणारी स्प्रिंगची दांडी ट्रेन लायटिंगचा प्रत्येक कर्मचारी रोज पाहतो. ओव्हरहेड तार उन्हात लांबते, थंडीत आखडते. ती सदैव सारखी ताठ राहावी म्हणून खांबाला वजने टांगलेली असतात, आणि संपर्क तारेत व तिच्या वरच्या कॅटेनरी तारेत प्रत्येकी सुमारे १००० किलोचा ताण राखला जातो. ताण कमी झाला तर तार लोंबते आणि पेंटोग्राफ अडकतो, वाजवीपेक्षा जास्त झाला तर तार तुटण्याची भीती. मोटारीच्या पट्ट्याचे गणितही असेच आहे. सैल असेल तर दाता चुकेल. फार ताणला तर पट्टा शीळ घालील, टेन्शनरचे बेअरिंग आणि त्या पट्ट्यावर जे जे फिरते त्याचेही बेअरिंग लवकर जाईल.

मात्र एक फरक आहे, आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. ओव्हरहेड तारेची वजने रात्रंदिवस ताण सांभाळतात. जुन्या मारुतीसारख्या इंजिनातील टेन्शनर तसे करीत नाही. त्याची स्प्रिंग फक्त बसविण्याच्या वेळी योग्य ताण देते. मग बोल्ट आवळला की तो ताण तेथेच कायम होतो. पुढची सारी वर्षे तो पट्टा त्या दिवशीच्या ताणावर चालतो. त्या दिवशी मिस्त्रीच्या हाताला घाई असेल तर ती घाईही बोल्टाखाली आवळली जाते.

काम कसे व्हावयास हवे

जुन्या एका कॅमशाफ्टच्या, कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० चे उदाहरण घेऊन काम थोडक्यात सांगतो. इतर गाड्यांत खुणा आणि रचना निराळ्या असतात. म्हणून ज्या गाडीवर काम करावयाचे तिची पुस्तिका हाच शेवटचा शब्द समजावा.

इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. चाक काढून काम करावयाचे असेल तर गाडी स्टँडवर घ्यावी. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालणे हा जिवाशी खेळ आहे. इंजिन आडवे बसविलेले असल्यामुळे पट्ट्याची बाजू मडगार्डाकडे येते, आणि जागा इतकी अरुंद की गोटी पानाही वाकडा धरावा लागतो. स्पार्क प्लग काढून ठेवावेत, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. फॅन बेल्ट, पुल्या आणि पट्ट्यावरचे झाकण काढावे.

आता खुणा. कॅमशाफ्टच्या दातेरी पुलीवरची खूण वरच्या खाचेशी जुळली पाहिजे. क्रँकच्या दातेरी पुलीवरचा ठिपका ऑइल पंपाच्या अंगावरील बाणाशी जुळला पाहिजे. दोन्ही खुणा जुळल्यावरच जुना पट्टा काढावा. पट्टा निघाल्यानंतर क्रँक किंवा कॅमशाफ्ट उगाच फिरवू नये, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची गाठ तेव्हाही पडू शकते.

पट्टा निघाला की घाई न करता पाहावयाचे असते. कॅमशाफ्टचे आणि क्रँकचे ऑइल सील गळत आहेत काय? गळत असतील तर आधी ते बदलावेत, कारण तेल लागलेले रबर फुगते आणि दाते सुटतात. टेन्शनर बोटाने फिरवून पाहावा. खरखर, डगमग, कडेला ग्रीसचा डाग, पुलीवर तापल्याचा निळसर रंग, यांपैकी काहीही दिसले तर तो गेला असे समजावे. आणि काहीही दिसले नाही तरी बदलावा! जे बेअरिंग एका पट्ट्याचे पुरे आयुष्य जगले त्याच्याकडून दुसऱ्या पट्ट्याच्या आयुष्याची हमी कोणी घेऊ नये. ताणाची स्प्रिंगही नव्याशी लावून पाहावी. ती लांबली असेल तर ताण कमी देते. काही मंडळी जुना टेन्शनर पेट्रोलात बुडवून, ब्रशाने घासून चकचकीत करून परत बसवितात. असे मुळीच करू नये. बाहेरची घाण जाते हे खरे, पण आतले उरलेसुरले ग्रीसही पेट्रोलाबरोबर जाते.

नवा टेन्शनर बसविताना त्याच्या पट्टीची जीभ टेन्शनरच्या छिद्रात नीट बसली पाहिजे, आणि पट्टी हलविली की टेन्शनरही तिच्याबरोबर हलला पाहिजे. बोल्ट हातानेच लावावा, आवळू नये. यानंतरची पायरी घाईच्या कामात हमखास गाळली जाते. व्हॉल्व्हच्या रॉकर आर्मवरील स्क्रू सैल करावयाचे असतात. का? तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमशाफ्टला एका बाजूला ढकलीत असतात. तो जोर असताना पट्टा चढविला तर टेन्शनरच्या स्प्रिंगला खरा ताण कळत नाही. एका बाजूला ताण जास्त आणि दुसरीकडे कमी अशी फसगत होते. स्क्रू सैल केले की कॅमशाफ्ट मोकळा फिरतो आणि स्प्रिंग आपले काम प्रामाणिकपणे करते.

मग खुणा पुन्हा पाहून पट्टा चढवावा. ओढीच्या बाजूला जराही सैल राहता कामा नये, सारा सैलपणा टेन्शनरच्या बाजूला यावा. स्प्रिंग लावावी. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. स्टार्टर मारू नये, उलटे फिरवू नये. दोन फेऱ्यांनंतर कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि खुणा पुन्हा समोर येतात. त्या जुळल्या तर ठीक. अर्धा दाताही चुकला आहे असे वाटले तर पट्टा उतरवून पुन्हा सुरुवात करावी. जुळल्यावर आधी टेन्शनरचा स्टड आणि मग बोल्ट, या क्रमाने पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क रेंचने आवळावे. शेवटी व्हॉल्व्हचे अंतर पुन्हा लावावे, झाकण बसवावे, आणि किलोमीटरचा आकडा व तारीख झाकणाजवळ लिहून ठेवावी. म्हणजे पुढच्या मालकाला आणि पुढच्या मिस्त्रीला अंदाजावर चालावे लागत नाही.

दोन बोटांनी पट्ट्याला पीळ देऊन ताण पाहण्याची जुनी रीत आहे. काही इंजिनांना ती चालते, सर्वांना नाही. जेथे स्प्रिंगच ताण ठरविते तेथे बोटांनी तिच्यावर मात करू नये. आणि "जरा जास्तच कसून दे, सैल पडायला नको" असे सांगणाऱ्या मालकाचे तर मुळीच ऐकू नये.

वेळ कोणाचा कापतो?

वरील वर्णन वाचून ध्यानात येईल की, या कामातील पट्टा चढविण्याचा भाग थोडा आहे. बाकीचा वेळ खुणा पाहण्यात, सील तपासण्यात, स्क्रू सैल करण्यात, दोन फेरे फिरवून पुन्हा पाहण्यात आणि व्हॉल्व्ह लावण्यात जातो. यातील काहीही बाहेरून दिसत नाही. झाकण बसले की चांगले काम आणि वाईट काम सारखेच दिसते. म्हणून मजुरी कापली की नेमका हाच न दिसणारा वेळ कापला जातो. मिस्त्री पट्टा तर चढविणारच, पण स्क्रू सैल करणार नाही, दोन फेरे फिरविणार नाही. तो अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे. बाहेर आणखी दोन गाड्या उभ्या आहेत आणि ठरलेल्या पैशात एवढाच वेळ बसतो म्हणून.

रेल्वेच्या कारखान्यात चित्तरंजन पद्धतीची प्रोत्साहन योजना आपण जाणतो. प्रत्येक कामाला मंजूर वेळ ठरलेला असतो, आणि तो कमी केला गेला की आपल्या संघटना टेबलावर मूठ आपटतात. ते योग्यच आहे. डबा पी.ओ.एच.ला आला की 'मस्ट चेंज' भागांची यादी असते. त्यातील भाग दिसावयास कितीही चांगला असो, बदलावयाचाच. तेथे कोणी "फिरतो आहे ना, राहू द्या" म्हणत नाही, आणि म्हणाला तर आपला फिटर त्याला यादी दाखवितो. ही यादी आणि हा मंजूर वेळ फिटरचे रक्षण करतो आणि त्याचबरोबर प्रवाशाचेही. रस्त्यावरच्या मिस्त्रीजवळ ना यादी आहे, ना मंजूर वेळ, ना त्याच्या बाजूने बोलणारी संघटना. टेन्शनर बदलू नको असे सांगणारा मालक, मजुरी ठरविणारा मालक, आणि पट्टा तुटल्यावर जाब विचारणाराही मालकच!

आणि तो मालक पुष्कळदा आपल्यापैकीच असतो. हे कटू आहे, पण बोलले पाहिजे. महागाई भत्त्याच्या एका टक्क्यासाठी द्वारसभा घेणारा आपला सभासद संध्याकाळी गॅरेजमध्ये जातो आणि दोन तासांच्या कुशल कामाच्या मजुरीवर घासाघीस करतो. सुट्या भागाच्या दुकानात छापील किमतीला तो मुकाट पैसे मोजतो, कारण तेथे कंपनीचे नाव आहे. माणसाच्या हाताला छापील किंमत नाही म्हणून तेथे मात्र भाव पाडता येतो. ज्या युक्तिवादाने व्यवस्थापन आपल्याशी बोलते तोच युक्तिवाद आपण त्या पोरासमोर वापरतो, "एवढ्याशा कामाला एवढे कशाला?" व्यवस्थापनाला हे वाक्य शोभत असेल, संघटित कामगाराला शोभत नाही.

कोणी म्हणेल की काही मिस्त्री फसवितात, न बदललेल्या भागाचे पैसे लावतात. असे होते, नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय सोपा आहे. जुना पट्टा आणि जुना टेन्शनर समोर मागून घ्यावा, नव्याचे खोके पाहावे, बिल घ्यावे. तपासणी जरूर करावी. पण तपासणी निराळी आणि पिळवणूक निराळी. चार जणांच्या लबाडीपायी चाळीस जणांची मजुरी पाडणे हा न्याय नव्हे.

काय करता येईल

केवळ उपदेश करून थांबणे आमच्या संघटनेच्या परंपरेत बसत नाही. म्हणून काही गोष्टी सुचवितो. त्या अवघड नाहीत.

ज्या सभासदांकडे पट्ट्याच्या इंजिनाची जुनी गाडी आहे त्यांनी पट्टा, टेन्शनर आणि स्प्रिंग हे एकच काम समजावे. बाजारात यांचा एकत्र संचही मिळतो. मजुरी आधी ठरवावी आणि ती पूर्ण कामाची ठरवावी, वर सांगितलेल्या प्रत्येक पायरीसकट. गाडी सकाळी द्यावी आणि संध्याकाळची घाई लावू नये. टेन्शनर बदलू नको असे स्वतः सांगितले असेल तर पुढे त्याचा दोष मिस्त्रीला देऊ नये.

आपल्या शाखांनी वर्षातून एकदा तरी रविवारी आसपासच्या गॅरेजमधील मिस्त्री आणि हाताखालची मुले यांच्यासाठी शिबिर घ्यावे. रेल्वेच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले पहिल्या प्रतीचे फिटर प्रत्येक शाखेत आहेत. टॉर्क रेंच कसा वापरावा, माप कसे वाचावे, बेअरिंग कसे ओळखावे, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार? शाखेच्या वर्गणीतून एखादा टॉर्क रेंच घेऊन तो मिस्त्र्यांना पाळीपाळीने वापरावयास दिला तर त्याहून चांगले. दुरुस्तीची पुस्तिका इंग्रजीत आहे आणि हाताखालचा मुलगा मराठी, हिंदी किंवा तेलुगू वाचतो, ही अडचण सगळीकडे आहे. इंदूर, बडोदा, हुबळी, सिकंदराबाद येथील आपल्या मराठी सभासदांनी तेथील भाषेतील कामगारांबरोबर बसून कामाच्या पायऱ्या एका पानावर लिहून काढाव्यात आणि गॅरेजच्या भिंतीवर लावाव्यात. 'मस्ट चेंज'ची यादी त्या भिंतीवरही लागू द्या!

तिसरी गोष्ट हक्काची. असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगाराला तेथे नोंद करता येते. किती गॅरेजमधील मुलांची नोंद झाली आहे, हे शाखेने फिरून पाहावे आणि राहिलेल्यांची करून द्यावी. २०१९ च्या वेतन संहितेने किमान वेतनाचे तत्त्व संघटित आणि असंघटित अशा सर्व कामगारांपर्यंत नेले आहे, आणि वेतन ठरविताना अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल असे कौशल्य विचारात घ्यावयाचे आहे. कामगार संहितांतील इतर पुष्कळ तरतुदींबद्दल कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि ते कायम राहतील. पण जे कलम कामगाराच्या उपयोगी पडेल ते वापरून घेतलेच पाहिजे. इंजिनाच्या खुणा जुळवून टेन्शनर बसविणारा हात कुशल आहे. त्याला कागदोपत्री 'हेल्पर' म्हणून ठेवणे ही वेतनाची चोरी आहे. ज्यांनी आय.टी.आय.चे तोंड पाहिले नाही पण वीस वर्षे काम केले आहे, त्यांच्या पूर्वकौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. ते प्रमाणपत्र त्यांच्या हातात पडावे यासाठी शाखेच्या चिटणीसाने एक दिवस खर्च केला तर तो वाया जाणार नाही.

आता नव्या गाड्यांपैकी बऱ्याच पुन्हा साखळीवर गेल्या आहेत आणि विजेच्या गाड्यांत तर टायमिंग बेल्टच नाही. म्हणजे पट्ट्याची इंजिने हळूहळू कमी होतील. पण जोवर ती रस्त्यावर आहेत तोवर ती कामगारांच्याच दारात असणार, कारण जुनी गाडी श्रीमंत ठेवीत नाही. आणि जो मिस्त्री आज पट्टा बसवितो त्यालाच उद्या विजेच्या गाडीचे काम शिकावे लागणार आहे. साखळीवरून पट्ट्यावर येताना त्याला कोणी शिकविले नाही, तो स्वतः चुकतमाकत शिकला आणि त्या चुकांचे पैसेही त्यानेच भरले. पुढच्या बदलाच्या वेळी तरी त्याला एकटे सोडता कामा नये. हे काम संघटित कामगारांचे आहे, आणि ते आजपासून सुरू करता येते. शाखेच्या जवळच्या गॅरेजात जावे, तेथील कामगाराचे नाव विचारावे, त्याला पुढच्या सभेचे निमंत्रण द्यावे, आणि आपल्या गाडीच्या कामाची मजुरी पूर्ण द्यावी.

कामगार एकजुटीचा विजय असो!